गावचं रेशनकार्ड

साहेब, तुम्ही माझ्या मेलेल्या आजोबांना घुसखोर म्हणालात. घाटकोपरच्या टेकडीवर वाटसुद्धा नव्हती, तेव्हा ते मालवणहून आले. दिवसा गिरणीत राबून संध्याकाळी पहारीने कातळ फोडायचे. आज तिथे दहा घरं आहेत. दसऱ्याला आम्ही ती पहार पुजतो. तुम्ही या घराच्या बदल्यात मिळणाऱ्या नव्या घरासाठी रहिवासाचा पुरावा मागितलात, म्हणून बाबांनी तीच टेबलावर ठेवली. तुम्ही म्हणालात, "काका, भंगार उचला, रेशनकार्ड दाखवा." रेशनकार्ड होतं, पण गावच्या पत्त्याचं. आजोबांनी ते बदललंच नाही. म्हणायचे, "माका परत गावाक जावचा आसा, हय नाव कित्याक लावू?" तुम्ही हसून आमच्या नावापुढे 'अपात्र' लिहिलंत. बाबा पहार खांद्यावर टाकून टेकडी चढले, वाटेत तीनदा बसले. मीही दमलोय, साहेब. आजोबा गावी परतले नाहीत, इथे राहिल्याचं तुम्ही मानत नाही. मग पन्नास वर्षं ते होते कुठे?