बगलेतला पट

इझमीरच्या आमच्या चहाखान्यात, सगळे ज्यांना आबी म्हणजे थोरला भाऊ म्हणतात त्या हिकमेत आबींशी तवल्याचा, म्हणजे तुर्की बॅकगॅमनचा, डाव रंगला होता. त्यांची एकटी पडलेली सोंगटी मारावी की आपली झाकावी? फार विचार करून मी झाकली आणि तिथेच हरलो.

हरणाऱ्याने मिटलेला पट बगलेत मारून घरी जायचं, ही आमची रीत.

"एवढा विचार करून हेच सुचलं? जा, शिकून ये!" आबी फासे मुठीत खुळखुळवत म्हणाले.

पट बगलेत मारून मी निघालो आणि दारापाशी थांबलो. आतल्या सोंगट्यांची खडखडही थांबली. मग पटाच्या आत फासे घरंगळले.

"आबी, फासे?"

त्यांनी मूठ उघडली. दोन्ही तिथेच होते. त्यांचं हसू मावळलं.

आत एक सोंगटी टकन आपटली. मग सगळं शांत झालं, कुणीतरी आपली चाल खेळून माझ्या चालीची वाट बघत बसावं तसं.