रंग बोलायची शिस्त

"तुम्हाला दिसतोय की साहेब! मी कशाला सांगू?" पहिला उमेदवार हसत म्हणाला आणि तिथेच त्याचा निकाल लागला.

"निघा तुम्ही," हेडमिस्त्री म्हणाला आणि त्याने वही मिटली.

बाकावर बसलेल्या वायरमास्तरने हे सगळं पाहिलं. त्या पोराने बसचा बंद पडलेला दिवा चार मिनिटांत पेटवला होता. वायरचा रंग विचारल्यावर आगाऊपणा केला, एवढीच काय ती चूक. आता पुढचा नंबर वायरमास्तरचा होता.

हे नाव त्याला जुन्या गॅरेजात चिकटलेलं. गाडीतली वीज कुठे अडली आहे हे तो बोनेट उघडायच्या आधी सांगायचा, म्हणून. त्याच्या कामाला कोणी नाव ठेवलं नव्हतं. पण लाल, हिरवा आणि तपकिरी हे तीन रंग त्याला जन्मापासून एकसारखेच दिसत. जगात ही गोष्ट दोघांनाच ठाऊक होती, बायकोला आणि मेहुण्याला.

मेहुणा हाताखाली होता तोवर काही अडलं नाही. "रंग मोठ्यानं बोलल्याशिवाय वायरला हात लावायचा नाही, ही माझी शिस्त आहे," असं वायरमास्तर चारचौघांत दरडावून सांगायचा. मेहुणा इमानेइतबारे रंग बोलायचा आणि वायरमास्तर ऐकून जोडायचा. मालक तर इतरांना म्हणायचा, "काम शिकायचं तर यांच्याकडून शिका!" सव्वीस वर्षं ही गंमत चालली.

मग मेहुण्याने स्वतःचं दुकान टाकलं आणि त्याच वर्षी मालकाने गॅरेजची जागा विकून टाकली. आठ महिने झाले, घर बायकोच्या शिलाई मशीनवर चाललं होतं. बावन्न वर्षांच्या माणसाला कोण दारात उभं करतो? चार ठिकाणी "कळवतो" म्हणाले आणि कोणी कळवलं नाही. शाळेच्या बसगाड्यांची ही कार्यशाळा म्हणजे पाचवी जागा. इथेही नाही जमलं तर मशीन आणि बायको, दोघींनाही विसावा नव्हता. आज ती हट्टाने सोबत आली होती आणि फाटकापाशी थांबली होती.

"या," हेडमिस्त्रीने हाक मारली. साठीकडे झुकलेला, शांत माणूस. "घाई करू नका. मला घाई करणारे नकोत."

बसचा भोंगा वाजत नव्हता. वायरमास्तरने मीटर काढला आणि नऊ मिनिटांत दोष सापडला. कामात हात घातला की त्याला वयाचा विसर पडे. भोंगा वाजला तसा कार्यशाळेतला एक जण दचकला आणि वायरमास्तरला आठ महिन्यांत पहिल्यांदा हसू आलं.

"छान," हेडमिस्त्री म्हणाला. "आता हा जुडगा. पाच वायरी आहेत. रंग बोला."

हसू गेलं. हेडमिस्त्री पेन उघडून, नजर वहीत घालून बसला होता.

"पिवळा."

"बरोबर."

"निळा."

"बरोबर."

इथवर डोळ्यांनी साथ दिली. तिसरी वायर त्याने उगाच दोन बोटांत फिरवली. पळून जावंसं वाटलं. "लाल," तो म्हणाला.

हेडमिस्त्री क्षणभर थांबला. "बरोबर."

"हिरवा."

"बरोबर. पाचवीचं टोक खराब झालंय, ते कापून सोलून ठेवा. आणि रंग?"

वायरमास्तरने टोक कापलं आणि सवयीने तो तुकडा शर्टाच्या खिशात टाकला. कापलेला तुकडा गाडीत पडला की कुठेतरी शॉर्ट होतो, म्हणून तो तुकडे कधी खाली टाकत नसे. उरला होता एकच रंग.

"तपकिरी."

"बरोबर!" हेडमिस्त्रीने वही मिटली आणि हात पुढे केला. "उद्या आठ वाजता या. माझा जुना जोडीदार नोकरी सोडून गेला आणि आठवड्याभरात एका बसचं वायरिंग जळालं. नशीब, आत मुलं नव्हती. आता शाळेच्या अठराच्या अठरा बसगाड्यांचं वायरिंग नव्याने टाकायचंय. तुम्ही रंग बोलायचा, मी जोडणार. बोलल्याशिवाय मी वायरला हात लावत नाही. माझी शिस्त आहे ती."

वायरमास्तरने मान डोलावली. 'नाही' म्हणायला तोंड उघडलंही होतं, पण फाटकापाशी टाचा उंचावून उभी असलेली बायको दिसली आणि त्याने हेडमिस्त्रीचा पुढे आलेला हात हातात घेतला.

"झालं?" ती धावतच आली.

"झालं. उद्यापासून."

तिचे डोळे भरून आले. मग तिने त्याचा चेहरा पाहिला. "अहो, मग असं तोंड का? रंग विचारले का?"

"पाच विचारले. तीन ठोकून दिले. तिन्ही बरोबर निघाले."

"बघा! देव पाठीशी असला की असं होतं."

"एकदा झालं गं. रोज कसं होणार? त्या माणसाचा माझ्यावर भरवसा बसलाय. मी बोलणार तसं तो जोडणार, आणि त्या गाड्यांत मुलं बसणार."

"तो साहेब जाणता आहे ना? तुम्ही चुकलात तर त्याला दिसेलच की," ती म्हणाली. या बोलण्याने वायरमास्तरला खरोखर धीर आला. चुकलो तर तो थांबवेल. फार तर नोकरी जाईल, कोणाचा जीव तरी जाणार नाही.

बोलता बोलता तिने नेहमीप्रमाणे त्याचा खिसा चाचपला. आत तुकडे राहिले की धुताना शर्टाला डाग पडत.

"हा कसला?"

"पाचव्या वायरीचा. तपकिरी. तो बरोबर म्हणाला."

तिने तुकडा उजेडात धरला, उलटापालटा केला आणि पुन्हा उजेडात धरला.

"अहो," ती हळूच म्हणाली, "हा तर हिरवा आहे."