प्रणालीचा मंगळ

माझ्या भाचीला, प्रणालीला, तीन स्थळांनी नकार दिला. कारण कोणीच सांगितलं नाही, पण मला सांगायची गरजही नव्हती. पत्रिकेतला मंगळ! दुसरं काय?

त्या तिघांना मी फक्त मंगळच समजावला होता. तिथंच कमी पडलो. म्हणून उमरेडचे पाहुणे पोहे खात असताना पूर्ण विश्वच काढलं. मंगळ म्हणजे गंजून लाल झालेला, पृथ्वीच्या निम्म्या आकाराचा गोळा. सूर्याभोवती एक चक्कर मारायला त्याला ६८७ दिवस लागतात. आपल्या आकाशगंगेत दहा हजार कोटींच्या वर तारे, अन् अशा आकाशगंगा अब्जावधी. यातल्या कोणाला प्रणालीच्या संसारात लुडबुड करायला वेळ आहे?

तासभर बोललो. पोराचे वडील चहा न घेताच उठले. मी त्यांना फाटकाशी गाठलं.

"खरं बोला, मंगळापायीच नाही म्हणून राहिले न?"

त्यांनी हात जोडले. "नाही जी भाऊ, पत्रिका आम्ही मानतच नाही. पोरगी तर लई पसंत आहे."

"मंग काहून?"



"लग्न झाल्यावर तुम्ही दर सणाले आमच्या घरी याल न!"