पाण्याची पिशवी

उन्हाळा तापला आणि भडगावच्या त्या घरात माश्या घोंगावू लागल्या. सून तेजलला खिडक्यांना जाळी हवी होती. सासूबाई झुंबरबाई म्हणाल्या, “जाळी लावी का वारा अडस. दारवर पानीनी पिशवी टांग, एक माशी येवाव नही.”

तेजल प्राणिशास्त्राची एम.एस्सी. तिने सासूबाईंशी पैज लावली. चार दिवस पिशवी न टांगता आणि चार दिवस टांगून माश्या मोजायच्या. फरक पडला नाही, तर आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत जाळी बसवायची.

रोज जेवणं आटोपली की ती वही घेऊन उंबऱ्याशी बसे. पिशवीशिवाय सरासरी बेचाळीस माश्या निघाल्या. पिशवी टांगली आणि सरासरी सातवर आली!

तिने आकडे दोनदा तपासले. मग प्रामाणिकपणे म्हणाली, “आई, तुम्ही जिंकलात. जाळी राहू द्या.”

झुंबरबाई नुसत्या गालात हसल्या.

तेवढ्यात शेजारच्या रेवाअक्का कुंपणापलीकडून ओरडल्या,



“झुंबर, चार दिन व्हयनात, मना ओटावर रोज गूळ कोन ठेवी जास वं? बठ्ठ्या माश्या मनाच घर!”