हलकी गाडी

माहूरच्या पठारावर, निजामाच्या शिकारीच्या रानालगत, छपराच्या बैलगाडीशेजारी चूल मांडून रात्रीचा मुक्काम करून ग्यानोबाने धुक्यातच बैल जुंपले. चुलीच्या उबेला निजलेल्या, तापाने फणफणलेल्या एकुलत्या लेकीला, गोदावरीला, त्याने स्वतः उचलून गाडीत निजवले. दुपारच्या आत हकीम गाठला नाही, तर ती हाती लागणार नव्हती.

घाट उतरताना भरली गाडी बैलांना पुढे रेटते. आज तो रेटा नव्हताच. गाडी रिकामी असल्यासारखी उडत होती.

“गोदे, हायेस ना गं?”

“हाव, आबा. बैल हाका, थांबू नका,” छपराच्या पडद्याआडून खणखणीत उत्तर आले.

तेवढ्यात मागून, पठारावरच्या विझल्या चुलीकडून, कण्हती हाक आली, “आबा, मला ठिवून कुठं चाललाव?”

ग्यानोबाने पडदा ओढला. आतून कुणीतरी तो घट्ट धरून ठेवला होता.