जेवणानंतर

सुभद्राबाईंचे सांधे धरले म्हणून बुलढाण्याच्या डॉक्टरांनी सुजेवरच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. "जेवणानंतरच द्या," असं त्यांनी उकंडरावांना बजावलं होतं. पुढे एका सकाळी सुभद्राबाईंना रक्ताची उलटी झाली. उकंडरावांनी दमणीला बैल जुंपले आणि बायकोला देऊळघाटहून दवाखान्यात आणलं.

"पोटात जखम झाली आहे," डॉक्टर म्हणाले. "गोळ्या उपाशीपोटी घेतल्या का?"

"नाही साहेब!" उकंडराव ठासून म्हणाले. "तुमी सांगतलं तसंच केलं. जेवन झालं, हात धुतला, का मी सोता तिच्या हातावर गोळी ठेवत होतो. एक दिवस चुकलो नाही."

"कोणाचं जेवण?"

उकंडरावांना प्रश्नच कळला नाही. "माहं."

"आणि त्या कधी जेवायच्या?"

उकंडरावांनी सोबत आलेल्या सुनेकडे पाहिलं. ती मान खाली घालून म्हणाली, "आत्याबाई सगळ्याइच्या मांगून बसत. उरलं तं जेवत, नाही तं चहावरच राहत."

सुभद्राबाई त्याच संध्याकाळी गेल्या.

तेरवीला पहिलं पान त्यांच्या नावानं वाढलं आणि कावळ्यासाठी छपराच्या कवेलूंवर ठेवलं. आत पंगत मांडली. सून बोलवायला आली, "मामाजी, चाला, तुमचं ताट वाढलं."

उकंडराव अंगणात उभे राहून छपराकडे बघत होते.

"थांब व पोरी," ते म्हणाले. "आधी तिचं जेवन होऊ दे."