धूर हुंगणारं फाटक

रिक्षा वीटभट्टीच्या रेल्वे फाटकाशी थांबली आणि रिक्षात ढवळेबाई दिसताच पुढच्या ट्रकवाल्यांनी, बसवाल्यांनी पटापट इंजिनं बंद केली. त्यातले निम्मे बाईंच्या हातचा मार खाऊन चौथी पास झालेले. ढवळेमास्तरांचा दमा वाढल्यापासून बाई रोज सकाळी या रांगेतून "इंजिन बंद कर रे" म्हणत फिरायच्या.

आज मास्तर त्यांच्या खांद्यावर मान टाकून श्वासासाठी तडफडत होते. दवाखाना फाटकापलीकडे.

"युनूस, कधी उघडणार रे हे?"

रिक्षावाला युनूस चाचरला. "बाई, हे नवं फाटक धूर हुंगतं. रस्त्यावर धूर वाढला की मालगाडी मागे थांबवतं आणि उघडतं. हवा स्वच्छ असली की त्याला वाटतं, कुणी खोळंबलेलंच नाही."

"म्हणजे रोज मी..."

"तुम्ही आलात की अर्धा तास गेला, हे आम्ही धरूनच चालतो. तुम्हाला सांगणार कोण?"

तिसरी कोळसागाडी धडधडत आली. मास्तरांचे ओठ निळे पडले होते. बाईंनी रिक्षाबाहेर डोकं काढलं.

"सुरू करा रे! सगळ्यांनी! जोरात!"

बाईंचा शब्द आजही कुणी मोडला नाही. काळा धूर रिक्षात शिरला. बाईंनी मास्तरांच्या नाकातोंडावर पदर दाबून धरला.

फाटक वर गेलं. मागून हॉर्न वाजू लागले. पदराखालची घरघर मात्र थांबली होती.

"युनूस, बंद कर इंजिन," बाई म्हणाल्या. "आता कसली घाई?"